धर्मसंकट आणि नाट्य : अमेरिकन आशावादाची भिलाईतील कसोटी

स्वीडनचे अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्डाल यांच्या दोन प्रचंड ग्रंथांची नावे शेजारी शेजारी ठेवली, तर एका सबंध कालखंडाच्या विचारपद्धतीवर प्रकाश पडतो. पहिला ग्रंथ १९४४ मधला ‘ॲन अमेरिकन डिलेमा’. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा प्रश्न हा त्याचा विषय, आणि कार्नेगी कॉर्पोरेशनने तो लिहवून घेतलेला. दुसरा १९६८ मधला, तीन खंडांचा ‘एशियन ड्रामा’. भारतासह दक्षिण आशियातील दारिद्र्याची चिकित्सा हा त्याचा विषय. डिलेमा म्हणजे धर्मसंकट. ते मनुष्याच्या अंतःकरणात उभे राहते, आणि ज्याच्या अंतःकरणात ते उभे राहिले त्यालाच ते सोडविता येते. नाट्याचे तसे नाही. ते अनेक पात्रांमध्ये घडते, प्रत्येक पात्र आपापल्या परीने योग्यच वागत असते, आणि तरीही शेवट कोणा एकाच्या हाती राहत नाही. अमेरिकेतील वर्णसंघर्षाला मिर्डाल यांनी धर्मसंकट म्हटले. आशियातील दैन्याला नाट्य म्हटले. पहिल्या ग्रंथात ते आशावादी आहेत, दुसऱ्यात त्यांचा सूर खिन्न होत गेलेला आहे. विषय बदलला म्हणून सूर बदलला, एवढेच त्याचे कारण नव्हे. संघर्ष कोठे वसतो याविषयीची कल्पनाच बदलली आहे.

पहिल्या ग्रंथाचे प्रमेय थोडक्यात असे : समता, स्वातंत्र्य व न्याय यांवर अमेरिकन मनुष्याची श्रद्धा आहे, त्याचे प्रत्यक्ष आचरण या श्रद्धेला छेद देणारे आहे, ही विसंगती त्याला स्वतःलाच बोचते, ती त्याच्या पुरती निदर्शनास आणून दिली, की आचरण हळूहळू श्रद्धेकडे झुकेल. या प्रमेयाचे सामर्थ्य नाकारण्यात अर्थ नाही. शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविणाऱ्या १९५४ च्या अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयात, तळटीपेत का होईना, या ग्रंथाचा उल्लेख आहे. समाजशास्त्राच्या फार थोड्या ग्रंथांना असे भाग्य लाभते. परंतु कादंबरीकार राल्फ एलिसन यांनी या ग्रंथाचे परीक्षण करताना जो आक्षेप घेतला, तो खरोखर वाङ्मयसमीक्षकाचा आक्षेप आहे. या सबंध रचनेत कृष्णवर्णीय मनुष्य हे पात्रच नाही, गोऱ्यांच्या मनातील संकटाचे तो केवळ निमित्त आहे, असे त्यांचे म्हणणे. नायक गोरा, खलनायकही तोच, आणि पश्चात्तापही त्याचाच. दुसऱ्याने केवळ त्या पश्चात्तापाची वाट पाहावयाची.

अमेरिकन आशावाद म्हणून जो ओळखला जातो त्याचे मर्म येथे आहे. माणसे चांगली असतात, अशी भाबडी समजूत म्हणजे हा आशावाद नव्हे. प्रत्येक संघर्षाचे ‘समस्ये’त रूपांतर करता येते, आणि समस्या म्हटली की तिला उत्तर असतेच, हा त्याचा गाभा होय. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर हा सुखात्मिकेचा आकृतिबंध आहे. गैरसमज होतो, तो दूर होतो, पडदा पडताना सर्व पात्रे एका पंगतीला बसतात.

महायुद्धानंतरच्या पंधरा वर्षांत हा आकृतिबंध अमेरिकेबाहेर निघाला. वॉल्ट रोस्टो यांचे ‘द स्टेजेस ऑफ इकॉनॉमिक ग्रोथ’ १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. आपला ग्रंथ हा साम्यवादेतर जाहीरनामा आहे, असे त्याच्या उपशीर्षकातच त्यांनी सांगून टाकले होते. पारंपरिक समाजापासून विपुल उपभोगाच्या अवस्थेपर्यंत पाच पायऱ्या, त्यांत निर्णायक पायरी ‘उड्डाणा’ची, आणि भारताच्या उड्डाणाला १९५२ पासून आरंभ झाला असावा, असा त्यांचा तर्क. त्याच वर्षी क्लार्क कर, जॉन डनलॉप, फ्रेडरिक हार्बिसन व चार्ल्स मायर्स या चौघांनी ‘इंडस्ट्रिअलिझम ॲण्ड इंडस्ट्रिअल मॅन’ हा ग्रंथ सिद्ध केला. कामगारांचा रोष हा उद्योगीकरणाच्या पहाटेचा रोष आहे, कारखाना जसजसा मुरेल तसतसा तो निवत जाईल, जात-जमात-प्रदेश ही जुनी बंधने यंत्राच्या शिस्तीत विरघळतील, आणि शेवटी भांडवलशाही काय किंवा साम्यवादी काय, सर्व औद्योगिक समाज एकमेकांसारखे दिसू लागतील, अशी या ग्रंथाची दिशा आहे. मायर्स यांनी तर त्यापूर्वीच, १९५८ मध्ये, भारतीय उद्योगातील कामगारप्रश्नावर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. तात्पर्य, भारत ही या विचाराची केवळ उपयोजनभूमी नव्हती; ती त्याची मान्यवर कसोटी होती.

ही कसोटी ज्या गावी सर्वांत लख्ख लागली ते गाव अमेरिकनांनी वसविलेले नाही, हा इतिहासाचा विनोद आहे. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत साहाय्याने उभा राहिला. करार फेब्रुवारी १९५५ चा, आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. राउरकेला जर्मनांच्या मदतीने, दुर्गापूर ब्रिटिशांच्या मदतीने झाले. अमेरिकेच्या वाट्याला बोकारो यावयाचे होते. राजदूत गॅलब्रेथ यांनी त्याची मनापासून तरफदारी केली. पण सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्याला पैसा देणे अमेरिकन काँग्रेसला रुचले नाही. अखेर १९६३ मध्ये नेहरूंनीच विनंती मागे घेतली, आणि बोकारोही सोव्हिएतांकडे गेले. दुसऱ्याच्या संघर्षावर उत्तर सुचविणाऱ्या देशाला स्वतःच्या विधिमंडळातील हा लहानसा संघर्ष सोडविता आला नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो आवरणे बरे. कारण मुद्दा कोणाच्या पैशाने भट्टी पेटली हा नाही. यंत्राने माणसांचे जुने भेद वितळतात या श्रद्धेत मॉस्को आणि केंब्रिज-मॅसॅच्युसेट्स यांत तिळमात्र अंतर नव्हते. रोस्टो ज्याला उड्डाण म्हणत त्याला रशियन अभियंते समाजवादी उभारणी म्हणत, आणि नेहरू आधुनिक तीर्थक्षेत्र. तिघांच्याही चित्रात अखेरची पंगत एकच होती.

मराठी वाचकाला भिलाई परकी वाटावयाचे कारण नाही. बिंबाजी भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडचा नागपूरशी संबंध आहे. करारावर सह्या झाल्या तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ती भोपाळला गेली. त्याच्या अठरा दिवस आधी त्याच नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्माचा स्वीकार केला होता. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते आणि जॉन ड्यूई यांचे ऋण त्यांनी कधी लपविले नाही. लोकशाही ही शासनपद्धतीपेक्षा अधिक काही, सहजीवनाची रीत आहे, हा ड्यूईंचा विचार ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या १९३६ च्या निबंधात स्पष्ट दिसतो. म्हणजे अमेरिकन आशावादाचा महाराष्ट्राने ऐकलेला सर्वांत गंभीर पडसाद हा आहे. पण आंबेडकरांनी त्या आशावादाला एक अट घातली. जातीला धर्माचे जे अधिष्ठान आहे ते हलल्याशिवाय सहजीवन सुरूच होत नाही, असे त्यांनी बजावले. सवर्णांच्या पश्चात्तापाची वाट पाहण्याचे त्यांनी नाकारले. १९५६ चे धर्मांतर हा त्या नकाराचा अर्थ होय. एलिसन यांनी समीक्षेत जे मागितले, पीडिताने निमित्त न राहता पात्र व्हावे, ते नागपुरात कृतीत उतरले. पुढे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा तिने नावासाठी अमेरिकेकडेच पाहिले. पण ते मिर्डालच्या अमेरिकेकडे नव्हे.

त्याच सुमारास दुर्ग जिल्ह्यात कारखान्यासाठी शेतजमिनी जात होत्या. भिलाईचे चित्र आज सर्वांत तपशिलाने कोठे मिळत असेल तर ते ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ जॉनथन पॅरी यांच्या ‘क्लासेस ऑफ लेबर’ या २०२० मधील ग्रंथात. अजय टी. जी. यांच्या सहकार्याने सिद्ध झालेल्या या ग्रंथामागे १९९३ पासून अनेक वर्षे केलेले क्षेत्राध्ययन आहे. पॅरी यांच्या पूर्वीच्या एका लेखात आलेली एक गोष्ट मराठी समीक्षकाने विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. कारखाना उभारला जात असताना आसपासच्या खेड्यांतून अशी वदंता पसरली होती, की भट्टी, पूल यांच्या पायाशी नरबळी दिले जात आहेत. मुले पळविली जातात, अशी भीती होती. कारखान्यात कामाला जाण्यास छत्तीसगडी शेतकरी आरंभी नाखूश होते, आणि नोकऱ्या बव्हंशी बाहेरून आलेल्यांनी घेतल्या, त्याचे एक कारण ही भीती होते.

या वदंतेला अडाणीपणा म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे, पण मराठी लोककथेत हा आशय चांगला परिचित आहे. श्रावणातील शीतळासप्तमीच्या कहाणीत राजाच्या तळ्याला पाणी लागत नाही. जलदेवता सुनेचा मुलगा बळी मागतात. मूल बळी जाते आणि तळे भरते. पुढे सून तळ्याची मनोभावे पूजा करते आणि मूल तिला परत मिळते. सार्वजनिक हिताच्या प्रत्येक बांधकामात कोणाचे तरी मूल गाडले जाते, हे कहाणीला ठाऊक आहे. आणि ते परत मिळावे ही आशाही तिच्यात आहे. भिलाईच्या वदंतेत पहिला अर्धा भाग तेवढा आहे, मूल परत मिळत नाही. रोस्टो यांच्या पाच पायऱ्यांत याच्या उलट केवळ शेवटचा भाग आहे. तळे भरलेले आहे आणि बळीचा उल्लेख नाही. कहाणीची वाङ्मयीन श्रेष्ठता अशी, की ती दोन्ही गोष्टी एका श्वासात सांगते. विकासाचा अर्थशास्त्रज्ञ आणि भ्यालेला शेतकरी या दोघांपाशीही अर्धीच कथा होती.

याच प्रांतातील एका मराठीभाषक लेखकाची कथाही येथे आठवते. माधवराव सप्रे यांनी पेंड्र्याहून १९०० मध्ये ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले आणि १९०१ मध्ये त्यात ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा छापली. जमीनदार एका विधवेची झोपडी न्यायालयामार्फत बळकावतो. ती चुलीसाठी टोपलीभर माती मागते. भरलेली टोपली उचलण्यास त्यालाच हात लावायला सांगते. त्याला ती उचलत नाही. एका टोपलीचे ओझे पेलत नाही, मग सबंध जमिनीचे ओझे जन्मभर कसे पेलाल, असे ती विचारते. जमीनदार वरमतो आणि झोपडी परत करतो. मिर्डालच्या प्रमेयाची ही त्रेचाळीस वर्षे आधीची, दोन पानांतली, आणि कलादृष्ट्या अधिक निर्दोष आवृत्ती आहे : श्रद्धा व आचरण यांतील विसंगती दाखविली की हृदयपरिवर्तन होते. कथा पटते, कारण तिच्यात जमीन घेणाऱ्याला हृदय आहे आणि तो समोर उभा आहे. भिलाईत जमीन राष्ट्राने घेतली, कायद्याने घेतली, मोबदला देऊन घेतली, आणि वाईट हेतू कोणाचाच नव्हता. विधवेने टोपली कोणापुढे ठेवावी? हृदयपरिवर्तनाच्या कथेला येथे पात्रच उरत नाही. आशावादाचा पाया असा आतून ढासळतो. त्याकरिता कोणाला दुष्ट ठरविण्याची गरज पडत नाही.

आशावादाची बाजूही मात्र येथेच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. भिलाईची वसाहत अनुक्रमांकांच्या सेक्टरांत वसली. जात, भाषा, धर्म यांनुसार तिच्यात मोहल्ले पाडले नाहीत. देशाच्या सर्व प्रांतांतील माणसे तेथे शेजारी राहिली. तापलेल्या भट्टीजवळ काम करणारी टोळी वेगवेगळ्या जातींची असते, एकमेकांवर जीव टाकून काम करते, एकत्र चहा घेते, एकत्र जेवते, असे पॅरी यांनी नोंदविले आहे. सार्वजनिक कारखान्याच्या कायम नोकरीत जातीचे पुष्कळसे विष उतरले, हे खरे आहे. सतनामी समाजाविषयीचा दुरावा मात्र वसाहतीबाहेरच्या वस्त्यांतून इतक्या सहजी गेला नाही. कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे चित्र पाहून समाधान वाटले असते, आणि ते सर्वस्वी खोटे ठरले नसते.

पण मग राउरकेल्याचे काय? तेथेही भट्टी होती, वसाहत होती, देशभरातून आलेले कामगार होते. १९६४ च्या मार्चमध्ये, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या गाड्या तेथून जात असताना, तेथे मुसलमानांची भीषण कत्तल झाली. भिलाईत तसे घडले नाही. या दोन शहरांची तुलना पॅरी आणि क्रिस्टियन स्ट्रुम्पेल यांनी एका लेखात केली आहे. यंत्र तेच आणि परिणाम भिन्न, असे असेल तर परिणामाचे कारण यंत्र नव्हे, एवढे तर्कशास्त्र पुरेसे आहे. माणसे एकत्र राहिली ती पोलादामुळे नव्हे. ती कशी आली, कोणाला काय मिळाले, स्थानिकांचा वाटा किती, पगार नियमित होता की नाही, यावर ते अवलंबून होते.

पॅरी यांच्या ग्रंथाचे खरे वजन पुढच्या भागात आहे. जुनी भेदरेषा पुसट होत असताना त्याच कारखान्याने नवी रेषा आखली. लोकांच्या बोलीत तिला साधी नावे आहेत : ‘नौकरी’ आणि ‘काम’. नौकरी म्हणजे कायम कामगाराची, पेन्शन-दवाखाना-घर यांसह. काम म्हणजे ठेकेदाराकडचे, आज आहे उद्या नाही. दोघे एकाच भट्टीपाशी घाम गाळतात. पण मुलांच्या शाळा, लग्नाच्या सोयरिकी, घरातील नवरा-बायकोच्या नात्याची घडण, कर्जाची भीती, या सर्व बाबतींत त्यांची जगे वेगळी होत गेली. पुष्कळदा ही रेषा एकाच जातीतून, एकाच गावातून, एकाच घरातूनही जाते. कायम नोकऱ्या आटत गेल्या आणि ठेक्याची कामे वाढत गेली तशी ती अधिक रुंद झाली. यंत्राच्या शिस्तीत विरघळेल असे ज्या संघर्षाविषयी भाकीत होते तो काही अंशी विरघळला, आणि ज्याची कोणी कल्पना केली नव्हती तो त्याच साच्यातून ओतून निघाला. ग्रंथात एक उणीव जाणवते. पॅरी वर्गाची घडण इतक्या बारकाईने मांडतात, की प्रतिकार करणारी माणसे त्यांच्या पानांवर थोडी फिकी पडतात. शास्त्रीय अलिप्ततेची ती किंमत असावी.

प्रतिकार झाला नाही असे नाही. शंकर गुहा नियोगी हे मूळचे भिलाई कारखान्यातील कामगार. कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली राजहऱ्याच्या खाणींत १९७७ मध्ये त्यांनी ठेक्यावरील मजुरांची संघटना उभी केली. त्याच वर्षी जूनमध्ये तेथे पोलिसांच्या गोळीबारात अकरा जण मारले गेले. नियोगींच्या चळवळीचे सूत्र ‘संघर्ष और निर्माण’ असे होते. मजुरांनी स्वतःच्या वर्गणीतून व श्रमातून १९८३ मध्ये शहीद रुग्णालय उभारले ते याच सूत्रानुसार. येथे संघर्ष हा निर्मितीपूर्वी निपटून टाकावयाचा अडथळा नाही. निर्मिती त्याच्या पोटातूनच होते. अमेरिकन औद्योगिक संबंधांच्या शास्त्रात या ‘और’ला जागा नव्हती, तेथे ‘नंतर’ असते. १९९० पासून नियोगी भिलाईच्या खासगी कारखान्यांतील ठेका मजुरांच्या प्रश्नाकडे वळले. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे, झोपेत असताना, भिलाईत त्यांची गोळी घालून हत्या झाली. पुढच्या वर्षी, १ जुलै १९९२ रोजी, भिलाई पॉवर हाऊस स्थानकावर रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला; त्यात पंधराहून अधिक कामगार मृत्यू पावले. हत्येच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये केवळ गोळी झाडणाऱ्यास दोषी धरले. ज्या वर्षी नियोगी गेले त्याच वर्षी भिलाई उभारणारा सोव्हिएत संघही लयास गेला. समस्यांना उत्तर असतेच असे मानणाऱ्या दोन विश्वांपैकी एक उरले.

ही सर्व दुर्घटना घडण्याच्या तीस वर्षे आधी, भिलाईच्या भट्ट्या नुकत्या पेटल्या असताना, तेथून जवळच राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात एक मराठी मातृभाषेचा अध्यापक हिंदीत एक दीर्घ कविता पुन्हा पुन्हा लिहीत होता. गजानन माधव मुक्तिबोध तेथे १९५८ मध्ये आले. राजनांदगावला जुनी कापडगिरणी होती, १९२० च्या संपाची आठवण होती. आणि पलीकडे नव्या भारताचे पोलाद तयार होत होते. ‘अँधेरे में’ या कवितेत भिलाईचे नाव नाही. पण नगरात रात्री निघणारी जी मिरवणूक तीत आहे, तिच्यात सैन्याधिकाऱ्यांच्या बरोबरीने नामांकित समीक्षक, विचारवंत, कवी, मंत्री आणि उद्योगपती चालत आहेत, आणि त्यांच्यातच शहरातील कुख्यात खुनी डोमाजी उस्ताद आहे. (‘डोमाजी’ या नावाला जो नागपुरी वास आहे तो हिंदी समीक्षकांच्या नाकाला सहसा लागत नाही.) दिवसा जे एकमेकांपासून वेगळे दिसतात ते रात्री एकाच पंगतीत आहेत. सुखात्मिकेच्या अखेरच्या दृश्याचे हे भयानक प्रतिबिंब म्हणावे लागेल. पंगत भरली आहे, परंतु पाहू नये ते पाहिले म्हणून पाहणाऱ्याचाच पाठलाग सुरू झाला आहे.

मुक्तिबोधांना निराशावादी ठरविण्याची घाई पुष्कळांनी केली. ती उथळ आहे. मनुष्याच्या अंतःकरणात संघर्ष असतो हे त्यांनी मिर्डालइतकेच मानले. ‘आत्मसंघर्ष’ हा त्यांच्या समीक्षेतील बीजशब्दच आहे. फरक असा, की मिर्डालच्या मनुष्याचे अंतःकरण त्याच्या समाजाहून चांगले आहे, म्हणून ते समाजाला सुधारू शकते. मुक्तिबोधांच्या मध्यमवर्गीय नायकाचे अंतःकरण त्या मिरवणुकीतील माणसांशी व्यवहार करीत आले आहे. त्याला धर्मसंकट आहे, पण ते सोडवून तो शुद्ध होऊन बाहेर पडत नाही. त्याचे धर्मसंकट आणि नगरातील नाट्य ही एकमेकांत गुंतलेली आहेत. म्हणून त्याच्यापुढे तोडग्याचा प्रश्न नाही, हरवलेल्या अभिव्यक्तीच्या शोधाचा आहे. हा शोध आशेशिवाय कोणी करीत नाही. ही आशा उत्तराच्या हमीवर उभी नाही, इतकेच.

त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध नागपूरला मराठीत लिहीत होते. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथात त्यांनी ‘मानुषता’ हे साहित्याचे मूल्य म्हणून प्रतिपादिले. मराठी समीक्षेने त्या शब्दाचा आदर केला. पण तो बहुधा सौम्य, सर्वांना सामावून घेणारा शब्द म्हणून. थोरल्या भावाच्या मिरवणुकीशेजारी ठेवून तो वाचला तर त्याची धार निराळी लागते. आणि दोन भाषांत वाटल्या गेलेल्या या दोन भावांना एकत्र वाचण्याचे काम मराठी समीक्षेने अजून पुरेशा गांभीर्याने अंगावर घेतलेले नाही. ११ सप्टेंबर १९६४ रोजी गजानन माधव दिल्लीत वारले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह त्याच वर्षी निघाला. तो त्यांना हातात घेता आला नाही.